पानामागे मजुरी

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या दाटीवाटीच्या वस्तीत, युरोपातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात, २८ ऑगस्ट १९१७ रोजी जेकब कुर्ट्झबर्ग जन्मला. वडील कपड्यांच्या कारखान्यात राबायचे. पोरगा गल्लीतल्या मारामाऱ्यांत वाढला. जॅक कर्बी या नावाने त्याने पुढे कॉमिक्समध्ये काढलेल्या ठोशांत ती गल्ली दिसते. मार खाणारा नुसता पडत नाही, वाचकाच्या अंगावर येतो.

पहिला गाजलेला ठोसा हिटलरच्या जबड्यावर बसला. ज्यो सायमनच्या जोडीने केलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक १९४०च्या डिसेंबरात विक्रीला आला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरायला वर्षभर अवकाश होता. नाझीधार्जिण्यांच्या धमक्या आल्या. पुढे कर्बी स्वतःच फ्रान्समध्ये लढायला गेला. हा चित्रं काढतो हे कळताच वरिष्ठाने त्याला शत्रूच्या हद्दीजवळ टेहळणीला, नकाशे काढायला धाडलं. कलेची अशी कदर कुणाच्या वाट्याला येऊ नये!

१९६१मध्ये मार्व्हल या कॉमिक्स कंपनीत लेखक-संपादक स्टॅन लीबरोबर ‘फँटास्टिक फोर’ आलं. पाठोपाठ हल्क, थॉर, एक्स-मेन. मार्व्हलची कामाची रीत न्यारी होती. ली कथेचा सांगाडा द्यायचा, कधी तोंडीच. प्रसंग रचून पानं उभी करायची कर्बीने. संवाद मागाहून भरले जायचे. १९६६च्या एका अंकात ग्रह गिळणारा गॅलॅक्टस यायचा होता. पानं आली तेव्हा लीला त्यात आकाशात फळीवर तरंगणारा चंदेरी माणूस दिसला. त्याने विचारलं, हा कोण? एवढ्या बलाढ्य देवाला पुढे धाडायला दूत नको का, हा कर्बीचा हिशेब. सिल्व्हर सर्फर असा जन्मला.

मग कथा कुणाची? पैसे मात्र पानामागे मिळत, शिवणाऱ्याला नगामागे मिळावेत तसे. पात्रांची मालकी कंपनीची. १९७०मध्ये तो वैतागून प्रतिस्पर्धी डीसी कंपनीकडे गेला आणि ‘न्यू गॉड्स’मधून डार्कसाइडचं विश्व उभं केलं. १९८०च्या दशकात मार्व्हलकडून स्वतःचीच मूळ पानं परत मिळवायला त्याला झगडावं लागलं; १९८७मध्ये हाती आली ती हजारोंतली थोडीच.

कर्बी १९९४मध्ये गेला. पात्रांच्या हक्कांवरचा वारसांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचला आणि सप्टेंबर २०१४मध्ये तडजोड झाली. त्यानंतर मार्व्हलच्या अंकांत निर्माते म्हणून लीच्या शेजारी कर्बीचं नाव छापलं जाऊ लागलं.