रिकाम्या राहिलेल्या कंसाची कुळकथा

फोर्ट्रान या संगणकभाषेत चाळीसहून अधिक वर्षं चौकोनी कंसाला कामच नव्हतं. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी घडवलेली ही भाषा १९५७ साली लोकांच्या हाती आली. तेव्हा प्रोग्राम पंचकार्डावर भोकं पाडून लिहावा लागे, आणि त्या मोजक्या अक्षरांत चौकोनी कंस बसलाच नव्हता. त्यामुळे ॲरेमधलं, म्हणजे आकड्यांच्या रांगेतलं, पाचवं घर सांगायचं तर गोल कंस, फंक्शनला गोल कंस, आकडेमोडीचा क्रम दाखवायलाही गोल कंसच. नाइलाजाने मोकळी राहिलेली ती जागा महासंगणकांच्या काळात फार मोलाची ठरली.

मूळ फोर्ट्रानने एक गोष्ट गृहीत धरली होती: हिशेब करणारा एक, त्याची स्मृती एक. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे गृहीतक मोडलं. एका मोठ्या प्रोसेसरऐवजी शेकडो छोटे प्रोसेसर जोडायचे आणि प्रत्येकाला स्वतःची स्मृती द्यायची, अशी यंत्रं आली. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ सालचा परम ८००० याच घराण्यातला. पण हवामान, विमानांभोवतीचा वायुप्रवाह, प्लाझ्मा यांची गणितं फोर्ट्रानमध्ये लिहून झालेली होती. पिढ्यांचं ते काम फेकून कसं देणार? भाषेलाच वळण लावणं भाग होतं.

पहिला मोठा प्रयत्न राइस विद्यापीठातल्या केन केनेडींच्या पुढाकाराने झाला. १९९२च्या जानेवारीत ह्यूस्टनला मंडळी जमली आणि पुढच्याच वर्षी ‘हाय परफॉर्मन्स फोर्ट्रान’चा आराखडा तयार झाला. कल्पना देखणी होती. प्रोग्राम नेहमीसारखाच लिहायचा; ॲरेचे तुकडे प्रोसेसरांत कसे वाटायचे एवढं टिप्पणीसारख्या ओळींत सांगायचं. बाकी सगळी देवाणघेवाण कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, पाहील. साधा कंपायलर त्या ओळी टिप्पणी समजून सोडून देई, म्हणजे जुनं काहीच बिघडत नव्हतं.

बिघडलं ते वेगाचं गणित. स्वतःच्या स्मृतीतला आकडा चटकन मिळतो, शेजारच्या प्रोसेसरकडचा आणायला कितीतरी जास्त वेळ लागतो. हे अंतर प्रोग्रामच्या ओळीत दिसतच नव्हतं. दोन ओळी वाचायला सारख्या, पण एक झरकन संपे आणि दुसरी रखडे. का रखडली, हे लिहिणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता, आणि कंपायलरही अजून कच्चे होते. बहुतेकांनी एमपीआय या संदेश पाठवण्याच्या पद्धतीचा रस्ता धरला: प्रत्येक संदेश हाताने पाठवायचा, हाताने घ्यायचा. कष्टाचं काम, पण काय घडतंय ते डोळ्यांसमोर. तरी हाय परफॉर्मन्स फोर्ट्रान ही भाषा अगदीच वाया गेली नाही. २००२ साली जपानच्या अर्थ सिम्युलेटर या महासंगणकावर तिच्यात लिहिलेल्या प्लाझ्माच्या प्रोग्रामला गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं. त्या भाषेचा उदय आणि अस्त केनेडींनी स्वतः सहकाऱ्यांसह लिहून ठेवला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

हाय परफॉर्मन्स फोर्ट्रान आकाराला येत होती त्याच वर्षांत क्रे रिसर्च या महासंगणक कंपनीत रॉबर्ट नुमरिक उलट्या टोकाने विचार करत होते. त्यांच्यासमोर १९९३ सालचं क्रे टी३डी हे यंत्र होतं. त्यात एक प्रोसेसर दुसऱ्याच्या स्मृतीत थेट हात घालू शकत असे. दुसऱ्याला हातातलं काम थांबवावं लागत नसे. हे भाषेत आणायला कमीत कमी काय बदलावं लागेल, असा नुमरिक यांचा प्रश्न होता. सी प्लस प्लसच्या त्या जमान्यात त्यांनी आपल्या भाषेला नाव दिलं एफ मायनस मायनस. आणि त्यांनी उचलला तो पंचकार्डांच्या काळापासून रिकामा पडलेला चौकोनी कंस.

समजा, एकच प्रोग्राम आठ ठिकाणी चालतो आहे. प्रत्येक ठिकाणाला म्हणायचं ‘इमेज’. क(५) म्हणजे माझ्याकडच्या ॲरेतलं पाचवं घर. क(५)[३] म्हणजे तिसऱ्या इमेजकडचं पाचवं घर. चौकोनी कंस नसेल तर वस्तू घरातली. कंस दिसला की समजायचं, इथे लांबून आणायचं आहे आणि वेळ लागणार आहे. सगळ्यांनी एका जागी येऊन थांबायचं असेल तर ‘सिंक ऑल’. माझ्या मते या रचनेचा मोठेपणा तिच्या प्रामाणिकपणात आहे. हाय परफॉर्मन्स फोर्ट्रानने जे अंतर झाकलं, ते या कंसाने ओळीतच उघड केलं.

१९९८ साली नुमरिक आणि ब्रिटनच्या रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेतले जॉन रीड यांनी तिची सविस्तर मांडणी केली. आता नाव होतं को-ॲरे फोर्ट्रान. अधल्यामधल्या काळात, फोर्ट्रान २००३मध्ये, चौकोनी कंस ॲरेतल्या किमतींची यादी लिहायलाही आला. जागा वेगळी असल्याने दोघांचं भांडण झालं नाही. पुढे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोर्ट्रान २००८ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात कोॲरे दाखल झाले आणि नावातली आडवी रेघही गळाली. इमेजचे गट करण्याची सोय फोर्ट्रान २०१८मध्ये आली.

एमपीआयचं राज्य मात्र अजून टिकून आहे; तीस वर्षांत लिहिलेलं सहजी बदलत नाही. पण तुम्ही कधी कॉलेजात फोर्ट्रान ७७ शिकून ते बाजूला ठेवलं असेल, तर जीफोर्ट्रान हा कंपायलर आणि कोॲरेसाठीची ओपनकोॲरेज लायब्ररी दोन्ही मोफत मिळतात आणि घरच्या लॅपटॉपलाही चार कोअर असतात. एकदा चार इमेजवर छोटी बेरीज चालवून बघाच.