उपनगरातले घर : एका निवडीचा इतिहास

मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाचे लग्न ठरले किंवा घरात पहिले मूल आले की एक प्रश्न त्याच्यापुढे हमखास उभा राहतो : राहायचे कोठे? शहरात घर परवडत नाही आणि फार दूर गेले तर आयुष्याचा मोठा भाग गाडीत जातो. मग या दोहोंच्या मध्ये आपल्या ऐपतीत बसणारे, मुलांना शाळा जवळ असणारे, नळाला पाणी येणारे आणि अडीअडचणीला शेजारी धावून येतील असे एखादे उपनगर शोधण्याची खटपट सुरू होते. ही खटपट आपल्याच पिढीच्या वाट्याला आली आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ती कशी केली हे पाहिले तर आज आपल्या हातून काय सुटले आहे हेही ध्यानात येते.

हा प्रश्न आता केवळ मुंबईकरांचाही राहिलेला नाही. बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. मुंबईपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. अशा गावातून शिकून बाहेर पडलेली मुले पुण्या-मुंबईची वाट धरतात आणि चार-सहा वर्षांत घराचा हाच प्रश्न त्यांनाही गाठतो. गावात घर निवडावे लागत नाही. ते वाडवडिलांचे असते. विहीर, शाळा, देऊळ, ओळखीचा शेजार हे सारे त्या घराबरोबरच पदरात पडते. शहराजवळ मात्र यातल्या प्रत्येक गोष्टीची वेगळी चौकशी करावी लागते आणि वेगळी किंमत मोजावी लागते.

मुंबईच्या उपनगरांचा पाया रेल्वेने घातला, हे आपण शाळेत शिकतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरांचा लोहमार्ग सुरू झाला. त्याआधी, १८४५ साली, माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बांध खुला झाला होता. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या देणगीमुळे तरीवर अवलंबून असलेले साष्टी बेट पायी आणि गाडीने मुंबईशी जोडले गेले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत नियमित गाडी धावू लागली. तथापि, एवढ्याने सामान्य नोकरदार उपनगरात राहायला गेला नाही. प्रथम गेले ते धनिक लोक, आणि तेही हवापालटासाठी. कारकून आणि कामगार गिरगाव, भुलेश्वर, मांडवी, परळ येथील चाळींतच राहिले, कारण त्यांचे काम तेथून पायी जाण्याच्या अंतरावर होते.

त्यांना हलविले ते प्लेगने. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात एका रुग्णाला प्लेग झाल्याचे निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत आठ लाखांच्या या शहरातून लाखो माणसे बाहेर पडली. वांद्र्याच्या गावठाणांतील काही क्रूस त्या साथीच्या काळात उभारले गेले. ते आजही रस्त्याच्या कडेला दिसतात. साथीने एक गोष्ट लोकांच्या मनावर कायमची ठसविली : दाट वस्तीतील अंधारी खोली ही मुलाबाळांच्या जिवावर बेतणारी गोष्ट आहे. हवा, उजेड आणि मोकळी जागा यांना तोपर्यंत चैन समजले जाई. आता त्या गरजा ठरल्या.

सरकारने १८९८ साली कायदा करून मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन केले. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांचे उद्याननगरांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शहराचे काम आणि खेड्याची हवा एकाच ठिकाणी मिळावी, ही त्यामागील कल्पना. मुंबईच्या मंडळाने दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील शेतजमिनी घेऊन रुंद रस्ते, बागा आणि आखीव भूखंड यांची योजना केली. आजची दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याचा मोठा भाग ही त्या आखणीची फळे होत.

भूखंड तयार झाले, पण ते घ्यायचे कोणी? पन्नास-शंभर रुपयांच्या पगारदाराला एकट्याने जमीन घेऊन घर बांधणे शक्य नव्हते. या अडचणीतून वाट काढली ती सहकाराने. १९०४चा सहकार कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढणे शक्य झाले. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातील सहकारी गृहनिर्माणाच्या चळवळीची सुरुवात तेथून धरतात. पाठोपाठ १९१८ साली वांद्र्याला साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. सांताक्रूझच्या विलिंग्डन वसाहतीसारख्या ख्रिस्ती वसाहतीही अशाच वाटेने उभ्या राहिल्या. वांद्र्यातील कित्येक रस्त्यांना असलेली संतांची नावे त्या काळाची साक्ष देतात.

या संस्थांची रीत नीट पाहण्यासारखी आहे. प्रथम माणसे एकत्र येत. ती बहुधा एका ज्ञातीची, एका धर्मग्रामाची किंवा एका कचेरीतील असत. ती भाग घेऊन भांडवल जमवीत, मग सर्वांनी मिळून जागा पाहत. स्थानक किती लांब, पाणी कसे, शाळा कोणती, चर्च किंवा देऊळ कोठे, याचा विचार सभेत होई. जमीन एकदम घेतल्यामुळे स्वस्त पडे. मग आराखडा, मग कर्ज, मग बांधकाम आणि वर्षानुवर्षांचे हप्ते. घर उभे राहण्यापूर्वीच शेजार उभा राहिलेला असे. या ज्ञातीनिष्ठ वसाहतींचे दारही ज्ञातीपुरतेच उघडे असे, ही त्यांची मोठी उणीव होती आणि तिचे समर्थन करता येणार नाही. पण माणसे आधी, भिंती नंतर, हा त्यांचा क्रम मात्र शहाणपणाचा होता.

ज्ञातीबाहेरही तो क्रम दिसतो. पार्ल्याचेच पाहा. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर वर्ष उलटण्याच्या आत, १९२१ साली, तेथील रहिवाशांनी पार्ले टिळक विद्यालय सुरू केले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. तेव्हा पार्ले हे लहानसे गाव होते. शाळा चांगली आहे म्हणून पुढे हजारो कुटुंबे तेथे राहायला आली खरी. पण ती शाळा आधी आलेल्यांनी स्वतः काढली होती. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस विद्यालय तर १८६३ पासूनचे. ज्या उपनगरांना आज आपण कुटुंबासाठी चांगली म्हणतो, त्यांतील बहुतेकांचा चांगुलपणा असा कोणीतरी पदरमोड करून घडविलेला आहे.

विजेच्या गाड्यांनी हा सारा प्रवाह वाढविला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली; १९२८ साली पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत वीज पोहोचली. प्रवासाचा वेळ कमी झाला, गाड्यांची संख्या वाढली आणि वांद्रे, पार्ले, अंधेरी ही गावे रोज ये-जा करण्याच्या टप्प्यात आली.

परंतु उपनगर जेथे वसते तेथे आधी कोणाचे तरी गाव असते. साष्टीत ही गावे आगरी, कोळी, भंडारी आणि आपल्या ईस्ट इंडियन बांधवांची होती. १९१५च्या नगररचना कायद्याने वांद्रे आणि इतर ठिकाणी नगररचना योजना आखल्या गेल्या. या योजनेत वेड्यावाकड्या शेतांची एकत्र मांडणी करून रस्त्यांसाठी व सार्वजनिक कामासाठी काही जमीन कापून घेत, उरलेली आखीव भूखंडांच्या रूपाने मालकांना परत देत, आणि जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून योजनेचा काही खर्च वसूल करीत. कागदावर ही रीत न्याय्य होती. पण भाताचे शेत गेले म्हणजे त्याच्याबरोबर कुटुंबाचा व्यवसायही गेला. जमीन विकून आलेला पैसा एका पिढीत संपला आणि गावठाण चहूबाजूंनी वाढलेल्या इमारतींमध्ये कोंडले गेले. राणवार, चिंबई, पाली या वांद्र्याच्या गावठाणांतून फिरताना हे आजही जाणवते. नव्या रहिवाशांना मिळालेली मोकळी हवा ही कोणाची तरी शेती होती, याची नोंद उपनगरांच्या गौरवग्रंथांतून क्वचितच सापडते.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. भाडेकरूला त्याने संरक्षण दिले, पण भाड्यासाठी चाळी बांधण्यात कोणाला रस उरला नाही. उरलेल्या खोल्यांना पागडी आली. नवा संसार थाटणाऱ्याला भाड्याची जागा मिळेनाशी झाली आणि मालकीच्या सदनिकेवाचून गत्यंतर राहिले नाही. शहराची हद्द १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा १९६० साली आणि मालकीच्या सदनिकांविषयीचा कायदा १९६३ साली आला. या दुसऱ्या कायद्यामुळे विकसकावर बंधने आली हे खरे. पण त्याने जी रीत गृहीत धरली ती जुन्या रीतीच्या नेमकी उलट होती. आता विकसक जागा निवडतो, इमारत बांधतो, सदनिका विकतो आणि त्यानंतर खरेदीदारांची संस्था नोंदविली जाते. शेजारी एकमेकांना भेटतात ते पाण्याच्या टाकीवरून किंवा गळक्या गच्चीवरून पहिला तंटा झाल्यावर. ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ ही पाटी तीच राहिली, मात्र तिच्यामागचा क्रम बदलला.

या बदलाचे परिणाम सर्वांत स्पष्ट दिसले ते वसईत. केळीच्या बागा, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांवर जगणारा हा बागायती मुलूख. गोड्या पाण्याची बावखले आणि विहिरी हे त्याचे खरे धन. सामवेदी आणि वाडवळ समाजाच्या बायका पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले घेऊन मुंबईला जात; मुंबईची माणसे राहण्यासाठी वसईला येण्याच्या कितीतरी आधीपासून हा प्रवास चालू होता. मुंबईत घर न परवडणाऱ्या कुटुंबांचा ओघ खाडीपलीकडे वळला तेव्हा तेथे सदनिका झपाट्याने उभ्या राहिल्या. पाणी, गटारे, शाळा, रस्ते मात्र मागे राहिले. विहिरींचे पाणी टँकरने उपसून विकले जाऊ लागले. समुद्राकाठच्या भूमीत गोड्या पाण्याचा थर उपसला की त्याची जागा खारे पाणी घेते. तसेच येथे घडू लागले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक आणि २०२० साली धाराशिव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेले फादर २०२४ साली निवर्तले. १९९० साली या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेलेली होती.

हा लढा बाहेरून येणाऱ्यांविरुद्धचा होता असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. टँकरच्या पाण्यासाठी रांगेत उभी राहणारी नवी गृहिणी आणि विहीर खारी झालेला जुना बागायतदार यांची हानी एकाच कारणाने झाली. ज्याने जागा निवडली त्याला तेथे राहायचे नव्हते, आणि ज्यांना राहायचे होते त्यांना निवडीच्या वेळी कोणी विचारले नव्हते. जमिनी विकणाऱ्यांत आपलीही माणसे होती, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

अंतराचा हिशेबही मांडून पाहावा. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन रोजचे तीन तास धरले आणि वर्षाचे ३०० दिवस कामाचे मानले, तर ९०० तास होतात. म्हणजे वर्षातील साडेसदतीस अहोरात्र प्रवासात जातात. स्वस्त घराची ही किंमत विक्रीखतात लिहिलेली नसते. ती आई-बाप आणि मुले मिळून फेडतात. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर खास महिलांची गाडी सुरू झाली. उपनगरातील संसार बाईच्या पगारावरही उभा आहे, याची ती उघड कबुली होती. गाडीतच भाजी निवडणाऱ्या स्त्रियांचे कौतुक आपण करतो. पण घरी पोहोचल्यावर वेळ उरत नाही म्हणूनच ती तिथे निवडावी लागते.

तेव्हा आज सोनाळ्याहून किंवा आणखी कोठून आलेल्या एखाद्या तरुण जोडप्याने सल्ला विचारला तर इतिहासाच्या आधारे त्यांना काय सांगावे? सदनिकेचा दर विचारण्यापूर्वी पाणी कोठून येते ते विचारा. उन्हाळ्यात टँकर लागतो का हे शेजारच्या इमारतीतील बाईला विचारा, ती खरे सांगेल. शाळा आणि स्थानक पायी किती मिनिटांवर आहे ते स्वतः चालून पाहा, आणि तेही पावसाळ्यात. इमारत उभी आहे तेथे आधी काय होते, शेत, तलाव की मिठागर, हे जुन्या गावकऱ्यांना विचारा. पाणी तुंबेल की नाही याचे उत्तर त्यातच असते. शक्य असेल तर एकटे न जाता चार-पाच ओळखीची कुटुंबे मिळून एका वस्तीत घरे घ्या. विकसकाशी बोलताना आणि पुढे आजारपणात त्याचा सारखाच उपयोग होतो.

धर्मग्रामांनाही येथे करण्यासारखे काम आहे. नव्या वसाहतीतील कुटुंबाची नोंद वहीत करून घेणे ही केवळ सुरुवात झाली. जुन्या गावठाणातील आणि नव्या इमारतीतील माणसे पाणी, शाळा आणि मोकळे मैदान यांसाठी एका सभेत, धर्म आणि ज्ञात न विचारता, बसतील असे घडवून आणता आले पाहिजे. तालमकींच्या काळातल्या कारकुनांनी घर बांधण्यापूर्वी अशाच सभा घेतल्या होत्या. आपल्याला त्या घर घेतल्यानंतर घ्याव्या लागतील. उशीर झाला आहे, पण पार्ल्याची शाळाही रहिवासी राहायला आल्यानंतरच निघाली होती.