अकरावीला राज्य ओलांडण्याआधी: राज्याराज्यांमधले प्रवेशाचे नियम आणि आपली मुलं

जून आला की पुण्यात कॅम्प, मोमिनपुरा, कोंढवा भागातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलीला अकरावी-बारावीला इथेच ठेवायचं, की नीटच्या तयारीसाठी बीदर, हैदराबाद किंवा राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवायचं? फी किती, हॉस्टेल कसं, नमाजची सोय आहे का, जेवण हलाल मिळेल का, हे सगळं विचारलं जातं. एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो: दुसऱ्या राज्यातून बारावी झाली तर नंतर प्रवेशाच्या वेळी ती कोणत्या राज्याची धरली जाईल?

या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही. उच्च शिक्षणात आपली राज्यं एकमेकांशी काही बाबतींत सहकार्य करतात, पण "आमच्या राज्याचा विद्यार्थी" कोणाला म्हणायचं हे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवतं. त्या व्याख्या एकमेकींशी जुळतात का, हे बघणारं कोणी नाही. म्हणून हा हिशेब पालकांनाच आधी करावा लागतो.

शिक्षण कोणाचं, केंद्राचं की राज्याचं?

राज्यघटनेत सुरुवातीला शिक्षण हा राज्यांचा विषय होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदा करू शकतात. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि त्यात समन्वय ठेवणं हे काम मात्र आधीपासून केंद्राकडे आहे. त्यासाठीच 1956 च्या कायद्याने विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, उभा राहिला.

विद्यापीठांनी एकमेकांच्या पदव्या मान्य कराव्यात यासाठी त्याहून जुनी संस्था आहे. 1925 मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झालं. आज तेच भारतीय विद्यापीठ संघ, एआययू, म्हणून ओळखलं जातं. परदेशातल्या पदवीची समकक्षता ठरवायची असेल तर अनेक वर्षं याच संस्थेकडे जावं लागत असे. आखाती देशांत राहून परतलेल्या कुटुंबांना हे नाव माहीत असेल.

शेजारी राज्यांनी एकत्र बसून प्रश्न सोडवावेत म्हणून 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा नेमल्या. महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे, गुजरात आणि गोव्याबरोबर. कर्नाटक आणि तेलंगणा दक्षिण परिषदेत, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मध्य परिषदेत. म्हणजे सोलापूर, लातूर, नांदेडची मुलं ज्या राज्यांत शिकायला जातात, ती राज्यं महाराष्ट्राच्या परिषदेत बसतच नाहीत.

पूर्वी ही कुंपणं नव्हती

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याचा पसारा सिंधपासून धारवाडपर्यंत होता. कराचीचं कॉलेज आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज एकाच विद्यापीठाची परीक्षा घेत होते. मराठवाड्याची मुलं निजामाच्या काळात हैदराबादला जात. तिथे 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं होतं आणि शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. गोव्याची कॉलेजं तर गोवा विद्यापीठ 1985 मध्ये सुरू होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती.

1948-49 च्या सुमारास पुणे, कर्नाटक आणि गुजरात ही विद्यापीठं वेगळी झाली. 1956 मध्ये भाषावार राज्यं झाली आणि 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. विद्यापीठ घराजवळ आलं हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर "आपल्या राज्याची मुलं आधी" हा नियमही आला.

"स्थानिक" कोण? तीन नियम, तीन उत्तरं

महाराष्ट्रात राज्य कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल तर साधारण नियम असा: डोमिसाईल महाराष्ट्राचं हवं आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवी. मंडळ सीबीएसई असलं तरी हरकत नाही, पण संस्था महाराष्ट्रात हवी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मुलं वगैरे काही गटांना सवलत आहे. आपल्यातले बहुतेक पालक दुकानदार, कारागीर, खासगी नोकरीतले. त्यांना ती लागू होत नाही.

कर्नाटकात मुख्य नियम वेगळा आहे. पहिलीपासून बारावीपर्यंत किमान 7 शैक्षणिक वर्षं कर्नाटकात शिकलेला आणि तिथूनच दहावी किंवा बारावी पास झालेला विद्यार्थी राज्याचा समजला जातो.

आता हिशेब करा. पुण्याची मुलगी दहावीनंतर बीदरला गेली आणि तिथून बारावी झाली. महाराष्ट्र म्हणेल, बारावी इथली नाही. कर्नाटक म्हणेल, 7 वर्षं झालेली नाहीत. नीटमध्ये मार्क चांगले पडले तरी दोन्हीकडच्या राज्य कोट्याचं दार बंद. मग उरतो 15 टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, नाहीतर खासगी आणि अभिमत संस्थांच्या जागा, ज्यांची फी सामान्य घराला झेपत नाही.

तिसरा नियम इंजिनीअरिंगचा. एनआयटीमध्ये निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना असतात. इथे डोमिसाईल बघत नाहीत, बारावी कोणत्या राज्यातून पास झाली ते बघतात. पुण्याचा मुलगा कोटाहून बारावी झाला, तर नागपूरच्या व्हीएनआयटीत तो बाहेरचा ठरतो आणि जयपूरच्या एनआयटीत घरचा.

बीदर किंवा हैदराबादचं शिक्षण वाईट, असं मुळीच म्हणायचं नाही. तिथून तयारी करून अनेक मुलं पुढे गेली आहेत. प्रश्न फक्त एवढाच, की अकरावी-बारावीचा प्रवेश कुठे आणि क्लास कुठे. बारावी महाराष्ट्रातून करायची आणि त्यानंतरचं रिपीटचं वर्ष बाहेर काढायचं, तर राज्याचा हक्क जात नाही.

अखिल भारतीय कोटा कसा आला

1984 मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्या जागा राज्याच्या मुलांना राखून ठेवता येणार नाहीत. त्यातूनच 1986 पासून सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या 15 टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी मोकळ्या झाल्या. 2021-22 पासून या कोट्यात ओबीसींना 27 टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना 10 टक्के आरक्षण आहे. बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा बिरादऱ्यांनी आपलं नाव केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते तपासून केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवावा. राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही. ज्यांना कुठलंच जातीचं आरक्षण नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसचा विचार करावा.

पदव्युत्तर मेडिकलबाबत 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. एमडी-एमएसच्या जागांसाठी राज्याच्या रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसचा राज्य कोटा मात्र कायम आहे.

"आपलं कॉलेज" आणि राज्याची हद्द

आपल्या समाजात एक समज पक्का आहे: मुस्लिम अल्पसंख्याक कॉलेज असेल तर मुसलमान मुलगा कुठल्याही राज्यातला असो, त्याला अल्पसंख्याक जागा मिळणार. तसं नाही.

2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून बघायचं. त्यानंतरचा महत्त्वाचा निकाल पुण्याशी जोडलेला आहे. आझम कॅम्पस चालवणाऱ्या महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीचे पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात 12 ऑगस्ट 2005 रोजी 7 न्यायमूर्तींनी निकाल दिला. विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकार आपला कोटा लादू शकत नाही, हा त्यातला गाजलेला भाग. त्यावर लगेच 93 वी घटनादुरुस्ती झाली आणि त्यातही अल्पसंख्याक संस्थांना वगळण्यात आलं.

याच निकालात कमी चर्चिला गेलेला एक भाग आहे. अल्पसंख्याक संस्थेने प्रामुख्याने स्वतःच्या राज्यातल्या त्या समाजाची गरज भागवली पाहिजे. शेजारच्या राज्यातली त्याच समाजाची थोडी मुलं घेता येतात, पण ती बिगर-अल्पसंख्याक मुलांच्या बरोबरीने धरली जातात. एक राज्यात संस्था काढून दुसऱ्याच राज्यातल्या मुलांनी ती भरायची, हे न्यायालयाला मान्य नाही. म्हणून महाराष्ट्रात अल्पसंख्याक कोट्यातल्या जागांसाठी महाराष्ट्राचं डोमिसाईल मागतात. दीन एक असला तरी प्रवेशाच्या फॉर्मवर जिल्हा आणि राज्य आधी बघितलं जातं.

सीमाभाग: भांडण कोर्टात, खिडकी दोन्हीकडे उघडी

बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, भालकी या भागांवरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचं भांडण 1956 पासून चालू आहे. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. डिसेंबर 2022 मध्ये विधिमंडळाने 865 गावांवरच्या हक्काचा ठराव पुन्हा केला.

तरीही शिक्षणात दोन्ही राज्यांनी समोरच्या बाजूच्या मुलांसाठी एकेक खिडकी उघडी ठेवली आहे. महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांचा वेगळा प्रकार आहे. गाव सीमाभागात असल्याचा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा दाखला द्यावा लागतो. कर्नाटकही आपल्या नियमांत अशीच सोय ठेवतं. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना "गडिनाडू" म्हणून अर्ज करता येतो. त्यांना कन्नडची परीक्षा द्यावी लागते.

दोन्ही खिडक्यांची किल्ली एकच आहे, मातृभाषा. आणि इथेच आपली अडचण सुरू होते. निपाणी-बेळगावकडची अनेक मुस्लिम घरं रोजचा व्यवहार मराठीत करतात, पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषेच्या रकान्यात सवयीने "उर्दू" लिहितात. मुसलमान म्हणजे उर्दू, असं शाळेतलेही गृहीत धरतात आणि घरचेही विचारत नाहीत. ज्या घरात खरोखर उर्दू किंवा दखनी बोलतात, त्यांनी उर्दूच लिहावं, त्यात कमीपणा काहीच नाही. उर्दू ही आपली ठेव आहे. पण जिथे दादी-नानीपासून मराठी बोलली जाते, तिथे मराठी लिहिणं हे खरं लिहिणं आहे. पहिलीच्या प्रवेशाला घाईत भरलेला तो एक शब्द बारा वर्षांनी प्रवेश देऊ शकतो किंवा अडवू शकतो. शाळा सोडल्यावर तो बदलायला गेलं की हेलपाटे फार होतात.

मातृभाषा खरोखर उर्दू असलेल्या सीमाभागातल्या मुलांचं काय, हा प्रश्न तसाच उरतो. भाषेच्या नावाने सुरू झालेल्या वादात तिसऱ्या भाषेचं मूल कुणाच्याच यादीत नसतं. सीमाभागाचं काम करणाऱ्या मुस्लिम लोकप्रतिनिधींनी हा मुद्दा दोन्ही सरकारांपुढे मांडायला हवा.

दुसरीकडे काय करतात

राज्यांनी ठरवलं तर हे अवघड नाही. आंध्र प्रदेश आणि तेलंगणा 2 जून 2014 ला वेगळे झाले, तेव्हा आधीची प्रवेशव्यवस्था 10 वर्षं तशीच ठेवायची असं कायद्यातच लिहिलं गेलं. अमेरिकेत पश्चिमेकडच्या राज्यांनी 1950 च्या दशकात करार करून एक आयोग नेमला. त्याच्या योजनेत शेजारच्या राज्यातल्या विद्यार्थ्याकडून स्थानिक फीच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. भाग घेणाऱ्या कॉलेजांची आणि अभ्यासक्रमांची यादी आधीच जाहीर होते, त्यामुळे पालकांना अंदाज लागत नाही असं होत नाही.

आपल्याकडे या दिशेने झालेलं काम म्हणजे यूजीसीने 2021 मध्ये आणलेली अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. कॉलेजात मिळवलेले क्रेडिट तिथे जमा होतात आणि साधारण 7 वर्षांपर्यंत दुसऱ्या विद्यापीठात वापरता येतात. लग्नानंतर गाव बदलावं लागणाऱ्या आपल्या मुलींसाठी ही सोय मोठी आहे. एफवायला असतानाच खातं उघडून घ्यावं. मात्र ही बँक मिळवलेलं शिक्षण जपते, राज्य कोट्यातली जागा मिळवून देत नाही.

दहावीच्या निकालाआधी घरात एवढं बघा

1. मुलाला पुढे काय करायचं आहे? मेडिकल असेल तर बारावी महाराष्ट्रातून करणं सुरक्षित.
2. डोमिसाईलचा दाखला काढला आहे का? रहिवासाचे जुने पुरावे, रेशनकार्ड, वीजबिलं, शाळेचे दाखले जपून ठेवा.
3. शाळेच्या दाखल्यावर नाव, जन्मतारीख, जात आणि मातृभाषा बरोबर आहे का? चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या.
4. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रीमी लेयर वेळेत काढा. कर्नाटकातला 2 बी चा दाखला महाराष्ट्रात चालत नाही, इथला तिथे चालत नाही.
5. पदवीला राज्य किंवा विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाची पात्रता या दोन गोष्टी विसरू नका.
6. नियम दरवर्षी थोडे बदलतात. सीईटी सेलची त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा किंवा मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका.

इल्मसाठी दूर जाण्याची आपली परंपरा जुनी आहे आणि ती चालू राहायलाच हवी. फक्त निघण्याआधी वाटेतल्या नाक्यांवर कोणता कागद मागतील, ते विचारून घ्या.