चरणजित सिंग आणि ‘आम्हीच आधी’चा दावा

अधूनमधून एक दावा फिरत असतो: ‘ॲसिड हाउस’ हे क्लबमधलं संगीत शिकागोत नव्हे, मुंबईत जन्मलं. ऐकून छाती फुगते. पण नेमकं काय घडलं, ते जरा नीट बघू.

चरणजित सिंग हे मुंबईतल्या हिंदी सिनेसंगीताचे वादक. गिटार, बेस गिटार आणि पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे वाजवलेला माणूस.

१९८२ साली त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकत्र आणली. टीआर-८०८ तालासाठी, टीबी-३०३ बेससाठी आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यावर भैरव, यमन, मालकंस असे १० राग वाजवले, खाली डिस्कोचा ठेका. आता ही जोडी जमली का? ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, साधारण आपल्या मींडेसारखी. शिवाय राग एकाच षड्जावर उभा असतो, त्याला कॉर्ड बदलत राहावे लागत नाहीत. त्यामुळे बेसची तीच ओळ फिरत राहिली तरी बिघडत नाही. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. ती चालली नाही.

शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ आली १९८७ मध्ये. तोवर ३०३ बाजारात पडलं होतं, १९८४ मध्येच त्याचं उत्पादन थांबलं होतं. त्या पोरांनी जुनं यंत्र घेतलं, बटणं पिळून पिळून वेगळाच आवाज काढला. त्यांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली होती असं म्हणायला काही आधार नाही. म्हणजे सिंग आधी होते हे खरं, पण शिकागोने त्यांच्याकडून उचललं, हे नाही.

ही रेकॉर्ड आज आपल्याला माहीत आहे ती एदो बाउमन या डच संग्राहकामुळे. त्याला ती २००२ मध्ये दिल्लीत मिळाली. त्याने मुंबईत येऊन सिंगांना गाठलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली. मग सत्तरीतल्या सिंगांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

२८ वर्षं ती रेकॉर्ड इथेच होती. तेव्हा ‘आम्हीच आधी’ म्हणताना हेही सांगायला हवं की ती ओळखली बाहेरच्याने. आपण रोज गुणगुणतो त्या गाण्यांत वाजवणारे कितीतरी वादक असेच निनावी राहिले. जे हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन, कुठल्या गाण्यात कुणी काय वाजवलं, हे आत्ताच लिहून घ्यायला नको का?