मुहूर्ताला काय वाजवायचे?

गेल्या वैशाखात निपाणीला माझ्या भाच्याचे लग्न झाले. मुलगी गोकाककडची, घरची भाषा कानडी. देणेघेणे, मानपान, जेवणाचा बेत यांवरून एका शब्दाचाही वाद झाला नाही. वाद झाला तो संगीतावरून. भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतो. त्याने बैठकीतच जाहीर केले, "मामा, ती मांडवात येताना आणि अक्षता पडताना पियानो लावायचा. धून मी निवडून ठेवली आहे. सनई नको, ती काय सगळीकडेच वाजते." पलीकडून मुलीच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या बीगरांनी, हळूच विचारले, "सर, मत्त सनादी ऐतिल्लो?" मग सनादी आहे की नाही? सर म्हणजे मी. मुख्याध्यापक झालो तरी इतिहासाचे तास अजून सोडलेले नाहीत, म्हणून हा तंटा माझ्यापुढे आला.

निकाल देण्यापूर्वी मला एका गोष्टीचे नवल वाटले. धून निवडणे हा प्रकार आमच्या वडीलमंडळींना ठाऊकच नव्हता. ते वाजवणारा माणूस ठरवीत. सुपारी द्यायची, दिवस सांगायचा, वेळ सांगायची, संपले. काय वाजवायचे ते मुहूर्तच ठरवी. सकाळचा मुहूर्त असेल तर भैरव किंवा तोडी, उन्हे डोक्यावर आली की सारंग, गोरज मुहूर्ताला पूर्वी किंवा मारवा, दिवे लागल्यावर यमन आणि पाठवणीला भैरवी. खेड्यातल्या साध्या वाजंत्र्याला रागाचे नाव सांगता येईलच असे नाही, पण दुपारच्या लग्नात तो यमन लावणार नाही. त्याच्या शेजारी दुसरा एक जण नुसता सूर धरून बसलेला असे. चाल नाही, हरकत नाही, गाल फुगवून अखंड एकच स्वर. लहानपणी मला त्या दुसऱ्याची फार कीव येई. पुढे गाणे थोडेफार ऐकू लागलो तेव्हा कळले की सगळी इमारत त्याच्या स्वरावर उभी आहे.

आणखी एक गोष्ट आपण विसरलो आहोत. मंगलाष्टके चालू असताना वाजंत्री गप्प असतात. एका जुन्या मंगलाष्टकात तर त्यांना जरा दमाने घ्या अशी तंबीच दिलेली आहे. शेवटचे 'सावधान' झाले, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की मग एकदम सनई, संबळ, ताशा यांचा कल्लोळ. भोक पाडलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यात बुडायला २४ मिनिटे लागत आणि भटजी त्यावरून वेळ मोजत, त्या काळी मांडवाबाहेरच्या गावाला लग्न लागल्याची बातमी या कल्लोळानेच कळे. ना नोंदणी, ना छायाचित्र. गावाने वाजंत्री ऐकली, हाच पुरावा. वाद्य मोठ्या आवाजाचे हवे, ते एवढ्याचसाठी.

सीमेच्या दोन्ही अंगांना हा पुरावा एकच होता. आपण सनई म्हणतो, ते सनादी म्हणतात. आपण वाजंत्री म्हणतो, ते भजंत्री. बेळगाव, बागलकोट, विजापूर या भागांत करडी मजल नावाचा वाद्यमेळ आहे. त्यात करडी हे मोठे चर्मवाद्य घुमते आणि वर सनादीच बोलते. मंगलाष्टके मराठी की सोबानेची पदे कानडी, यावरून दोन घरांत कुजबुज होऊ शकते, १९५६ नंतर तर झालीच. सनईत शब्दच नाहीत, त्यामुळे तिच्याशी भांडता येत नाही. १९७७ साली 'सनादी अप्पण्णा' हा कानडी चित्रपट आला. पडद्यावर राजकुमार सनई धरून होते आणि वाजवणारे होते उस्ताद बिस्मिल्ला खाँ. माझ्या आईला कानडी जेमतेम बाजारापुरते येई, पण तिने तो दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा रडली.

आता पियानोकडे वळतो, कारण भाच्याला वाटत होते की ही त्याच्या पिढीने आणलेली नवलाई आहे. पियानोचा जन्म इ. स. १७०० च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्सला झाला. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने पट्टी दाबली की तारेवर हातोडी पडेल अशी रचना केली. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला, पुढे छावणी बसली, १८६९ मध्ये कँपातले सेंट मेरीज चर्च उभे राहिले आणि या लोकांबरोबर त्यांचे लग्नाचे संगीतही आले. चर्चमध्ये मान ऑर्गनचा. पियानो ही बंगल्यातल्या दिवाणखान्याची वस्तू.

त्यांच्या लग्नाच्या धुनांचा इतिहास मात्र मजेदार आहे. मेंडेलसोनने आपले 'वेडिंग मार्च' १८४२ मध्ये शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकासाठी रचले, म्हणजे मुळात ते नाटकाचे संगीत. २५ जानेवारी १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ते वाजले आणि मग साऱ्या इंग्लंडला तेच हवे झाले. दुसरी प्रसिद्ध धून वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' या १८५० च्या संगीतिकेतली. नवरी चर्चमध्ये येताना ती अगदी भक्तिभावाने वाजवतात. संगीतिकेत ते गाणे येते लग्नानंतर, जोडप्याला शयनगृहाकडे नेताना, आणि त्याच रात्री ते लग्न मोडते! हे भाच्याला सांगितले तेव्हा त्याने घाईघाईने मोबाईल काढून आपली धून कुठली ते तपासले. ती पाखेलबेलची निघाली, सतराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराची. तिच्यामागे असे काही लफडे नाही.

छावणीतून आपल्या मांडवापर्यंत जे पोचले ते पियानो नव्हे, बँड. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्वरलेखन वाचायला शिकलेले वादक लष्करी आणि संस्थानी बँडांत असत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, तेव्हा पितळी बँडाचा आवाज इथल्या कानांना परका राहिला नाही. वाजंत्र्यांच्या अनेक घरांनी सनई ठेवून क्लॅरोनेट हाती घेतले, अंगावर बिल्ल्यांचे कोट चढवले आणि वरातीपुढे सिनेमाची गाणी सुरू झाली. निपाणीत तंबाखूचे पैसे हाती आले की वरातीत बँड हवाच, अशी रीत मी स्वतः पाहिली आहे.

पियानो मागे का राहिला? एक तर वजन. भिंतीला लावायचा साधा पियानोही दोनशे किलोच्या घरात जातो. मांडव चार दिवसांचा, आणि बेळगावचा पाऊस तारा-लाकडाला सोसणारा नव्हे. खरी अडचण वेगळीच आहे. पियानोचा स्वर हातोडी पडताक्षणी विरू लागतो, आणि एका पट्टीवरून दुसरीवर त्याला घसरत जाता येत नाही. तोडीचा गंधार जिथे हवा तिथे त्याची पट्टीच नाही. सनईवाला बोट किंचित उचलून, श्वास सावरून नेमका तो गंधार काढतो.

तरीही पियानोच्या पट्ट्या आपल्या घरात आल्या, त्या पेटीच्या रूपाने. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेनने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, म्हणजे वेडिंग मार्चचे आणि पेटीचे साल एकच. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी बनवली. संगीत नाटकांनी पेटी आणि ऑर्गन घरोघर नेले. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे यांनी तिला मानाचे स्थान मिळवून दिले आणि बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी २०१० पर्यंतच्या दीर्घ आयुष्यात कितीतरी शिष्य तयार केले. एवढ्या गुणी वाद्याला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवले, आक्षेप तोच, तिच्यात मींड नाही! लग्नात मात्र पेटी संध्याकाळच्या बैठकीची, मुहूर्ताची नव्हे. तिचा आवाज शेजारच्या गल्लीतही जात नाही. हल्ली पेटीवर मंगलाष्टके म्हणणारी मंडळी मिळतात, चालीही सिनेमाच्या. शार्दूलविक्रीडितातला यती त्यात कुठे हरवतो ते विचारू नये.

सनई मांडवातून उठली ती पियानोमुळे किंवा बँडमुळेही नाही. ती उठली १९८० च्या दशकात, कॅसेटमुळे. बिस्मिल्ला खाँ दहा-वीस रुपयांत मिळू लागल्यावर गावच्या वाजंत्र्याला सुपारी कोण देणार? ध्वनिवर्धकवाला कॅसेट लावी आणि जेवायला जाई. सकाळच्या मुहूर्ताला संध्याकाळचा राग वाजे, कुणाला त्याचे काही नसे. निवड सुरू झाली ती इथून. आणि सनईला आमच्या भाच्याने 'सगळीकडे वाजते ती' म्हटले ते याच सनईला. समोर बसून वाजवणारा माणूस त्याने जन्मात पाहिलेला नव्हता.

त्या माणसाला आपण कसे वागवले, तेही लिहायला हवे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गंगूबाई हनगल यांनी लहान वयात तिथे स्वागतगीत म्हटले. त्यांनी पुढे सांगितले आहे की गाण्यापेक्षा धास्ती वेगळीच होती, जातीमुळे जेवणाच्या उष्ट्या पत्रावळी आपल्याला काढायला लावतील की काय. आमच्या घरचे सांगतो. माझ्या आत्याच्या लग्नात वाजंत्री मांडवाच्या खांबाबाहेर बसले होते. पंगती उठल्या, बायकांची पंगत झाली, मग परसात त्यांची पाने मांडली. सूर धरणारा पोरगा माझ्याच वयाचा होता. त्याला जिलबी उरली नव्हती. मी हे कुणाला विचारले नाही.

भाच्याच्या लग्नाचा निकाल शेवटी असा लागला. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला त्याचा पियानो, आणि तोही यंत्रातून नको, वाजवणारा आणायचा. गोव्याहून एक तरुण कीबोर्ड घेऊन आला, छान वाजवले त्याने. मुहूर्ताला सनई. सनईवाला शोधताना मात्र दमछाक झाली. बीगरांनीच हुक्केरी तालुक्यातल्या एका गावचे सत्तरीचे गृहस्थ शोधून काढले, सूर धरायला त्यांचा नातू. मी फोन केला आणि काय वाजवणार असे विचारले. ते म्हणाले, "मुहूर्त किती वाजताचा, सर?"

बारा वाजून आठ मिनिटांचा होता. अक्षता पडल्या आणि म्हाताऱ्याने सारंग उचलला. गोकाकची माणसे एकदम माना वर करून पाहू लागली, आमच्याकडच्या बायका बोलायच्या थांबल्या. भाचा बोहल्यावरून सारखा तिकडेच बघत होता.

जेवणाच्या वेळी मी त्यांना बोलवायला गेलो. मधल्या टेबलावर दोन पाने राखून ठेवायला सांगितली होती. आजोबा आणि नातू कार्यालयाच्या मागे मोटारसायकलपाशी बसले होते. स्वयंपाकघरातून त्यांनी आधीच डबा भरून घेतला होता.