पिंपळगावच्या ठाण्यापासून महासंचालकांपर्यंत : महाराष्ट्र पोलीस दल कसं चालतं?

निफाड तालुक्यातलं पिंपळगाव बसवंत हे द्राक्ष, कांदा आणि टोमॅटोच्या व्यापाराचं मोठं गाव. मुंबई-आग्रा महामार्गावर असल्याने परराज्यांतले व्यापारीही इथे माल घ्यायला येतात. द्राक्षाचा सौदा बऱ्याचदा बागेतच होतो. थोडी रक्कम रोख, बाकीचा चेक किंवा नुसता शब्द. माल भरून गाडी निघून जाते आणि कधी कधी व्यापाऱ्याचा फोन बंद होतो. अशा वेळी शेतकऱ्याने जायचं कुठे? ठाण्यात दाद मिळाली नाही तर पुढे कोण? यासाठी पोलीस दलाची रचना माहीत असावी लागते.

थोडा इतिहास

इंग्रजांच्या आधी गावचा बंदोबस्त पाटील आणि जागले पाहत. सर चार्ल्स नेपियर यांनी सिंधमध्ये उभारलेल्या पोलीस दलाच्या धर्तीवर मुंबई इलाख्यात १८५३ च्या सुमारास जिल्हावार पोलीस अधीक्षक नेमले गेले. जिल्ह्याचं पोलीस दल अधीक्षकाच्या हाताखाली, ही घडी आजही कायम आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. २ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते राज्याच्या पोलीस दलाला ध्वज मिळाला. म्हणून २ जानेवारी हा पोलीस स्थापना दिन. दलाचं ब्रीदवाक्य आहे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय', म्हणजे सज्जनांचं रक्षण आणि दुष्टांचा बंदोबस्त. दलाचा मूळ कायदा १९५१ चा. तेव्हा तो 'मुंबई पोलीस अधिनियम' होता, आता 'महाराष्ट्र पोलीस अधिनियम' आहे.

पाटलांचं वंशपरंपरागत पद गेलं. आजचा पोलीस पाटील १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानुसार नेमला जातो. तो पोलीस दलाचा कर्मचारी नसतो. गावातल्या घडामोडींची खबर प्रशासनाला देणं आणि तपासात मदत करणं हे त्याचं काम.

शहर वेगळं, ग्रामीण वेगळं

नाशिक जिल्ह्यात दोन स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत. नाशिक शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे. पिंपळगाव बसवंत 'नाशिक ग्रामीण' पोलिसांच्या हद्दीत येतं आणि त्याचे प्रमुख पोलीस अधीक्षक असतात.

फरक फक्त नावाचा नाही. जमावबंदी किंवा तडीपारीचे आदेश आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीसच काढू शकतात. ग्रामीण भागात सहसा पोलीस प्रस्ताव पाठवतात आणि आदेश जिल्हा दंडाधिकारी किंवा प्रांताधिकारी काढतात.

ग्रामीण भागातली उतरंड

- पोलीस ठाणे : प्रमुख बहुधा पोलीस निरीक्षक. हाताखाली सहायक निरीक्षक, उपनिरीक्षक, सहायक उपनिरीक्षक, हवालदार आणि शिपाई.
- उपविभाग : काही ठाण्यांवर मिळून एक उपविभागीय पोलीस अधिकारी.
- जिल्हा : पोलीस अधीक्षक. स्थानिक गुन्हे शाखा आणि आर्थिक गुन्हे शाखा त्यांच्याच अखत्यारीत.
- परिक्षेत्र : विशेष पोलीस महानिरीक्षक. नाशिक परिक्षेत्रात नाशिक ग्रामीण, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार येतात.
- राज्य : पोलीस महासंचालक, कार्यालय मुंबईत. त्यांच्यावर राज्य सरकारचा गृह विभाग.

याशिवाय राज्य राखीव पोलीस दल, गुन्हे अन्वेषण विभाग, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, दहशतवादविरोधी पथक, लोहमार्ग पोलीस अशा स्वतंत्र शाखा आहेत. उपनिरीक्षकांना घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी नाशिकमध्येच आहे.

वरच्या पायरीमुळे काय फरक पडतो?

२०२० मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक झाले. व्यापाऱ्यांनी पैसे बुडवलेल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी त्यांनी पाचही जिल्ह्यांतून मागवल्या. गुन्हे दाखल होऊ लागले आणि अनेक व्यापाऱ्यांनी थकलेले पैसे परत केले. कायदा तोच होता आणि ठाणीही तीच होती. पण वरून विचारणा होऊ लागली.

तक्रार घेतली नाही तर?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ नुसार :

१. दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात.
२. माहिती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते.
३. एफआयआरची प्रत मोफत मिळते.
४. ठाण्याने नोंद नाकारली तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पैसे बुडाल्याच्या प्रकरणात 'ही दिवाणी बाब आहे' असं उत्तर अनेकदा मिळतं. प्रत्येक थकबाकी हा गुन्हा नसतो, हे खरंच. पण व्यापाऱ्याचा हेतू सुरुवातीपासूनच फसवण्याचा असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. खोटं नाव सांगणं किंवा एकाच हंगामात अनेकांना बुडवून पसार होणं यावरून तो हेतू दिसू शकतो. म्हणून सौद्याची चिठ्ठी, वजनकाट्याची पावती, गाडीचा नंबर, चेकची प्रत आणि मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवावेत. एकाच व्यापाऱ्याने फसवलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र जावं.

तातडीच्या मदतीसाठी क्रमांक ११२. बाकी तक्रार तोंडी सांगून परतण्यापेक्षा लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. वरच्या पायरीवर जाताना तोच पहिला कागद विचारला जातो.