करडाचं दुसरं पोट

आजचा भाग शेळीच्या पिल्लाच्या, म्हणजे करडाच्या पोटाच्या इतिहासावर आहे. विषय सुचला वेळणेश्वरला, आमच्याच गोठ्यात, आणि जरा महागात पडून.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी तीन करडांचं दूध एकदम तोडलं. ताण कमी करणारी म्हणून आणलेली पावडर पाण्यातून दिली, वर मक्याचा भरडा पोटभर. पाऊस लागलेला, गोठा ओला. पाचव्या दिवशी एक करडू पोट फुगून गेलं. आजी एवढंच म्हणाली, "अरे, त्याला खायला कुठे येत होतं अजून?"

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो.

शरीरावरच्या 'ताणा'ची कल्पना विज्ञानात रुजवली हान्स सेल्ये यांनी. 1936 साली त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, की थंडी असो, जखम असो वा विष, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. दूध तुटलेल्या करडाचं बघा: आई दुरावते, जागा बदलते, अन्न बदलतं, सगळं एकदमच. पण ते नवं अन्न पचवायचं कुठे?

जन्मलेल्या करडाचं कोटीपोट, म्हणजे रवंथाचं मोठं पोट, नावापुरतंच असतं. चोखताना आतली एक पन्हळ मिटते आणि दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. मग कोटीपोट तयार होतं कशाने? 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वॉर्नर, लूसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांवर हे तपासलं. पोटात प्लास्टिकचे स्पंज ठेवले, तर पोट मोठं झालं, पण अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे काही वाढले नाहीत. 1959 साली उत्तर आलं: चारा-धान्य आंबताना जी आम्लं बनतात, विशेषतः ब्युटिरिक आम्ल, त्यांनी ते उंचवटे वाढतात. म्हणजे खाऊनच खाणारं पोट घडतं.

आता आजीची पद्धत ऐका. करडू पंधरा-वीस दिवसांचं झालं की फणसाचा कोवळा पाला त्याच्या तोंडाच्या उंचीवर टांगायचा. सोबत चिमूटभर, मग मूठभर कोंडा. दूध चालूच. पाल्याने पोट ताणतं, कोंड्याने आतली भिंत तयार होते. तिला 1959 ठाऊक नव्हतं, एवढंच.

खाडीपलीकडे दापोलीला 1972पासून कृषी विद्यापीठ आहे. कोकण कन्याळ शेळीवर त्यांनी काम केलंय. इकडच्या पावसात, झाडपाल्यावर निभावणारी ही शेळी. पण तिच्या करडालाही पोट घडवायला वेळ लागतोच.

खनिज मिश्रण, यीस्ट यांना माझा विरोध नाही. पण पूरक म्हणजे मुळात असलेल्याला जोड. पोटच तयार नसेल, तर जोड कशाला देणार?

यंदा पाला आधी टांगला, भरडा हळूहळू वाढवला, दूध दहा दिवसांत एकेक वेळ कमी केलं आणि पावसाआधी उरकलं. चारही करडं आत्ता मागे ओरडतायत, ऐकू येत असतील. भेटू पुढच्या भागात!